ऑप्टआर्ग फ्री करायचा की नाही? कमांड-लाइनवरून आलेल्या स्ट्रिंगची मालकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी सी मध्ये लेबलं छापणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. पार्टीचं नाव, टेम्प्लेटची फाइल आणि आउटपुटची फाइल अशा तीन गोष्टी गेटऑप्ट_लाँग वापरून कमांड-लाइनवरून घेतल्या जातात (हे ऑप्शन वाचणारं लायब्ररी फंक्शन, दिलेली व्हॅल्यू ते ऑप्टआर्ग या पॉइंटरमधून देतं). दिल्या नाहीत तर कोडमधल्या डीफॉल्ट व्हॅल्यू वापरल्या जातात. शेवटी तिन्ही पॉइंटर (स्ट्रिंगचे पत्ते) फ्री केले, म्हणजे त्यांची मेमरी परत दिली, तर प्रोग्राम कधी नीट संपतो, कधी 'फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर' म्हणून पडतो. फ्री काढून टाकलं तर व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) लीक, म्हणजे परत न दिलेली मेमरी, दाखवतो. ऑफिसातले सीनियर म्हणतात, फ्री करूच नका, प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेतेच. मग खरं काय?

सीनियर म्हणतात ते चूक नाही, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तरही नाही. तुमच्या अडचणीचं मूळ फ्री करण्यात किंवा न करण्यात नाहीच. एकाच पॉइंटरमध्ये वेगवेगळ्या मालकांची स्ट्रिंग येऊन बसते, आणि शेवटी तो पॉइंटर हातात आल्यावर आत कोणाची वस्तू आहे हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. तुम्ही कोडचा तुकडा दिलाय त्यात आउटपुटसाठी स्ट्रडप केलंय, म्हणजे मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडून जागा घेऊन कॉपी केलीय, पार्टीसाठी ऑप्टआर्ग तसाच ठेवलाय, आणि डीफॉल्ट तिन्ही लिटरल, म्हणजे कोडमध्येच अवतरणात लिहिलेल्या स्ट्रिंग, आहेत. म्हणजे आउटपुट दिलं तर तो फ्री बरोबर, नाही दिलं तर चूक. पार्टीचा फ्री मात्र पार्टी दिली तरी चूक, नाही दिली तरी चूक. 'कधी चालतो, कधी पडतो' याचं गूढ एवढंच.

आपल्याकडे जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराला हे वेगळं सांगायला नको. गोदामात सुताची पोती रचलेली असतात, पण त्यातलं व्यापाऱ्याचं कुठलं आणि आपण विकत घेतलेलं कुठलं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सी मधल्या पॉइंटरवर असलं लेबल नसतं, ते तुम्हाला शिस्तीनं ठेवावं लागतं.

आधी स्ट्रिंग येते कुठून ते बघू.

कमांड-लाइनवरचे शब्द प्रोग्राम सुरू होतानाच तयार असतात. लिनक्सवर कर्नल ते नव्या प्रोसेसच्या स्टॅकच्या वरच्या टोकाला कॉपी करून ठेवतो आणि मेनला आर्गव्ही म्हणून त्यांचे पॉइंटर मिळतात. सी च्या स्टँडर्डमध्ये याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: या स्ट्रिंग तुम्ही बदलू शकता, आणि प्रोग्राम संपेपर्यंत त्या टिकतात. त्या मॅलॉकनं दिलेल्या मात्र नाहीत, त्यामुळे त्या फ्री करायचा अधिकार तुम्हाला नाही.

आता ऑप्टआर्ग. गेटऑप्ट काहीही कॉपी करत नाही, फक्त बोट दाखवतो. तुम्ही '-ओ लेबल.पीडीएफ' असं जागा सोडून लिहिलं तर ऑप्टआर्ग आर्गव्हीतल्या पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असतो. '-ओलेबल.पीडीएफ' असं चिकटून लिहिलं तर तो त्याच शब्दाच्या पोटात, तिसऱ्या अक्षरावर असतो. '--आउटपुट=लेबल.पीडीएफ' लिहिलं तर बरोबरच्या चिन्हानंतरच्या अक्षरावर. म्हणजे समजा आर्गव्ही मॅलॉकनं बनलेली असती, तरी शब्दाच्या मधोमध जाणारा पॉइंटर फ्री करता आला नसताच. खात्री करायची असेल तर ऑप्टआर्गचा पत्ता आणि स्ट्रडपनं दिलेला पत्ता टक्का-पी वापरून शेजारी शेजारी छापा. ६४-बिट लिनक्सवर पहिला बहुतेक वेळा ७एफएफ नं सुरू होणारा, म्हणजे स्टॅकवरचा दिसेल. दुसरा हीपमधला, म्हणजे मॅलॉक जिथून मेमरी देतं तिथला, अगदी वेगळ्याच टापूतला. नवीन मुलांना मी हे एकदा करूनच बघायला सांगतो, पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी जात लिटरलची. कोडमध्ये अवतरणात लिहिलेली 'डीफॉल्ट.पीडीएफ' ही स्ट्रिंग साधारणपणे फक्त वाचता येणाऱ्या भागात जाते. ती फ्रीही करता येत नाही आणि बदलताही येत नाही. गंमत अशी की सी मध्ये लिटरलचा प्रकार साधा कॅरचा अ‍ॅरे आहे, कॉन्स्ट (बदलायला मनाई असलेला) नाही. म्हणून साध्या कॅर पॉइंटरमध्ये ते टाकलं तरी कंपायलर मूग गिळून बसतो. जीसीसी या कंपायलरला -डब्ल्यूराइट-स्ट्रिंग्ज हा फ्लॅग द्या, मग तो बोलायला लागतो.

चौथी जात गेटएन्व्हची. एन्व्हायर्नमेंटमधून आलेली व्हॅल्यू बदलायची नाही, फ्री करायची नाही, आणि पुढच्या गेटएन्व्ह किंवा सेटएन्व्हनंतर ती जागच्या जागी असेल असंही धरायचं नाही. आर्गव्हीपेक्षा हिचा भरवसा कमी.

पाचवी जात कॉन्फिग फाइलची, आणि खरा घात इथेच होतो. आज तुमच्या प्रोग्रामला कॉन्फिग फाइल नाही, पण कारखान्यात चार दिवस चालला की कोणीतरी म्हणणारच, 'रोज एवढं सगळं टाइप कोण करणार, एका फाइलीत लिहून ठेवू या.' मग तुम्ही गेटलाइननं एकेक ओळ वाचाल, बरोबरच्या चिन्हानंतरचा पॉइंटर काढाल आणि सवयीनं तसाच सेटिंगच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवाल, कारण ऑप्टआर्गच्या बाबतीत ते चाललं होतं. गेटलाइन मात्र तोच बफर पुन्हा पुन्हा वापरते. पुढची ओळ वाचली की आधीची पुसली, आणि ओळ मोठी असली तर बफरच दुसरीकडे हलतो. असा एक प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता: पंधरा पार्ट्यांची यादी फाइलीत, आणि छापलेल्या सगळ्या लेबलांवर शेवटच्या पार्टीचं नाव. कुठे क्रॅश नाही, कुठे एरर नाही. माल बांधताना हमालाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

तर निर्णय काय घ्यायचा? माझं मत सरळ आहे. दोनच पद्धती वापरण्यासारख्या आहेत, आणि एका प्रोग्राममध्ये त्यातली एकच वापरायची.

पहिली: सगळं उसनं. सेटिंगच्या स्ट्रक्चरमधले सगळे पॉइंटर कॉन्स्ट कॅर ठेवा, त्यात ऑप्टआर्ग किंवा लिटरल थेट ठेवा, आणि फ्री हा शब्द त्या स्ट्रक्चरच्या आसपास फिरकू देऊ नका. स्ट्रडप नाही, म्हणून लीक नाही. फ्री नाही, म्हणून क्रॅश नाही. एकदा चालून संपणाऱ्या, फक्त कमांड-लाइन आणि डीफॉल्ट एवढ्यावर भागणाऱ्या प्रोग्रामला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. तुमचा प्रोग्राम आज याच वर्गात बसतो. नुसतं स्ट्रडप काढलंत आणि तिन्ही फ्री काढलेत तर व्हॅलग्राइंडही गप्प बसेल. कॉन्स्टचा आणखी एक फायदा म्हणजे पुढे कोणी चुकून तो पॉइंटर फ्रीला दिला तर जीसीसी कॉन्स्ट गळाल्याची वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग कास्ट करून दाबणारे लोक असतात. तसला कास्ट दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, ही वस्तू आपली आहे का?

दुसरी: सगळं स्वतःचं. कॉन्फिग फाइल आली, एन्व्हायर्नमेंट आलं, किंवा पार्सिंगचं फंक्शन मेनबाहेर लायब्ररीत गेलं, की लगेच इकडे या. इथे नियम असा की स्ट्रक्चरमधला प्रत्येक पॉइंटर एक तर नल (कुठेच बोट न दाखवणारा) असेल किंवा मॅलॉकच्या घरचा असेल. डीफॉल्टसुद्धा स्ट्रडप करायचे. लोक इथेच कंजुषी करतात: 'डीफॉल्ट तर लिटरल आहे, त्याची कॉपी कशाला?' अहो, वीस-तीस बाइटचा खर्च आहे. त्या बदल्यात शेवटचं फ्री करणारं फंक्शन आंधळेपणानं सगळं फ्री करू शकतं, आणि फ्रीला नल दिला तर तो काहीच करत नाही, म्हणून इफ लिहायचीही गरज नाही.

तिसरा प्रकारही बघायला मिळतो: प्रत्येक पॉइंटरसोबत 'हा मी मॅलॉक केलाय का' असा एक झेंडा. तीन ऑप्शनला तीन झेंडे, दहाला दहा. एक झेंडा अपडेट करायचा राहिला की संपलं. जिथे मोठमोठे डेटा बफर कॉपी करणं खरंच परवडत नाही तिथे हे ठीक आहे. फाइलीच्या नावासाठी हा खटाटोप नको.

दुसरी पद्धत घेतलीत तर स्ट्रडप ठिकठिकाणी पेरू नका. एक छोटं फंक्शन लिहा, त्याला दोन गोष्टी द्या: स्ट्रक्चरमधल्या पॉइंटरचा पत्ता आणि नवी स्ट्रिंग. आत चार पायऱ्या. नवी स्ट्रिंग नल असेल तर वेगळं हाताळा. नाहीतर तिची कॉपी करा आणि कॉपी मिळाली का ते तपासा. मग जुनी फ्री करा. मग नवी जागेवर ठेवा. हाच क्रम ठेवा. आधी जुनी फ्री करून मग कॉपी करायला गेलात आणि कोणी तीच स्ट्रिंग स्वतःवरच सेट केली, तर मेलेल्या मेमरीतून कॉपी होईल. शिवाय मेमरी कमी पडून कॉपी फसली तर निदान जुनी व्हॅल्यू शाबूत राहते.

जुनी फ्री करण्याची पायरी बिनकामाची वाटते, पण एकच ऑप्शन दोनदा येणं ही रोजची गोष्ट आहे. कारखान्यातल्या शेल स्क्रिप्टमध्ये '--आउटपुट' आधीच लिहिलेला असतो आणि ऑपरेटर स्क्रिप्टला पुढे स्वतःचा '--आउटपुट' देतो. शेवटचा जिंकतो, ते बरोबरच आहे, पण पहिल्याची कॉपी हवेत लटकते. तुमच्या व्हॅलग्राइंडमधली 'डेफिनेटली लॉस्ट' ची एक ओळ अशीच आली असणार, कारण स्ट्रक्चरमध्ये धरलेली पण फ्री न केलेली मेमरी बऱ्याचदा 'स्टिल रीचेबल' मध्ये दिसते.

नलचं वेगळं का म्हणालो? ग्नूच्या (लिनक्सवर नेहमी असतो त्या) गेटऑप्टमध्ये ऑप्शनच्या अक्षरापुढे दोन कोलन दिले की ऑप्शनची व्हॅल्यू ऐच्छिक होते, आणि वापरणाऱ्यानं ती दिली नाही तर ऑप्टआर्ग नल येतो. स्ट्रडपला नल दिला की बहुतेक वेळा प्रोग्राम तिथेच आडवा होतो. '--आउटपुट=' असं लिहून पुढे काहीच दिलं नाही तर मात्र नल येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते. या दोन्हींचा अर्थ तुमच्या प्रोग्राममध्ये काय, हे तुम्ही ठरवायचं.

स्ट्रडपबद्दल एक आडवळण. हे फंक्शन पॉझिक्समध्ये (युनिक्सछाप सिस्टीमच्या स्टँडर्डमध्ये) खूप आधीपासून आहे, पण सी च्या स्टँडर्डमध्ये ते सी२३ पासून आलं. त्यामुळे जीसीसीला -एसटीडी=सी९९ असा कडक फ्लॅग दिला आणि पॉझिक्सचा फीचर मॅक्रो दिला नाही, तर हेडरमध्ये त्याचं डिक्लरेशनच दिसत नाही. जुना कंपायलर वॉर्निंग देऊन ते इंट परत करतंय असं धरतो, ६४-बिट मशीनवर अर्धा पॉइंटर कापला जातो आणि पुढे भलतीकडेच क्रॅश होतो. जीसीसी १४ पासून अघोषित फंक्शन ही थेट एररच झाली, बरं झालं. पण कारखान्यातली मशीनं जुन्या उबुंटूवर असतात, तेव्हा वॉर्निंग वाचत चला.

ज्याला मालकीचा विचारच नको असेल तो स्ट्रक्चरमध्ये ठरावीक मापाचा कॅर अ‍ॅरे ठेवतो आणि स्ट्रिंग त्यात कॉपी करतो. ही पद्धत मला नावडती नाही. मात्र मराठी नावांच्या बाबतीत माप जपून धरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. 'सोलापूर' हा चार अक्षरी शब्दच एकवीस बाइटचा होतो. बत्तीस बाइटच्या अ‍ॅरेत 'श्री सिद्धेश्वर' मावायचं नाही, आणि कापलं गेलं तर एखादं अक्षर मधोमध कापून लेबलवर प्रश्नचिन्हाचा चौकोन छापला जाईल. स्ट्रिंग मावली नाही तर स्ट्रएनकॉपी शेवटचा शून्यही टाकत नाही. एसएनप्रिंटएफ वापरा आणि त्याची रिटर्न व्हॅल्यू अ‍ॅरेच्या मापापेक्षा लहान आहे का ते तपासा. नसेल तर सरळ एरर देऊन थांबा. अर्धवट नावाचं लेबल छापण्यापेक्षा ते बरं.

उसन्या पद्धतीत राहणार असाल तर एका गोष्टीवर डोळा ठेवा: स्ट्रिंग बदलणारी फंक्शनं. आर्गव्ही बदलायला परवानगी आहे, पण परिणाम दिसतात. '--रंग=पांढरा,निळा,हिरवा' अशी यादी स्ट्रटोकनं तोडली की स्वल्पविरामाच्या जागी शून्य बसतात, ऑप्टआर्गमध्ये फक्त 'पांढरा' उरतो, आणि पुढे एरर मेसेजमध्ये पूर्ण यादी छापायला गेलात तर ती मिळत नाही. गेटसबऑप्टही असंच करतो. डिरनेमला पाथ दिला तर तो त्याच स्ट्रिंगमध्ये फेरफार करू शकतो. आउटपुटची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाणार हे काढायला तुम्ही डिरनेम वापरलाय, आणि तिथे डीफॉल्ट लिटरल आलं आणि त्यात स्लॅश असला, तर सेगमेंटेशन फॉल्ट होऊ शकतो. तिथे मात्र कॉपी कराच, आणि फ्री करताना डिरनेमनं दिलेला पॉइंटर नव्हे, कॉपीचा मूळ पॉइंटर फ्री करा. डिरनेम कधी आतल्याच स्ट्रिंगचा, कधी स्वतःच्या स्थिर जागेचा पत्ता देतो.

मुद्दाम आर्गव्ही बदलण्याचं एक रास्त कारण आहे, ते म्हणजे पासवर्ड. पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारला की इतरांना तुमच्या प्रोसेसचे ऑप्शन दिसतात. मायएसक्यूएलचा कमांड-लाइन क्लायंट -पी सोबत दिलेल्या पासवर्डची आधी स्वतःची कॉपी करतो आणि मग आर्गव्हीतला मजकूर पुसतो. उसना पॉइंटर धरून पुसायला गेलात तर स्वतःचाच पासवर्ड पुसाल. सुरुवातीचा क्षणभर तो दिसतोच, म्हणून खरं तर पासवर्ड कमांड-लाइनवर घेऊच नये.

उद्या गेटऑप्ट सोडून दुसरी लायब्ररी घेतलीत तर तिचा मालकीचा करार आधी वाचा, कारण सगळ्यांचा सारखा नाही. ग्नूचा आर्गपी गेटऑप्टसारखाच आर्गव्हीतला पॉइंटर देतो. पॉप्टमध्ये पॉप्टगेटऑप्टआर्गनं दिलेली स्ट्रिंग तुम्ही फ्री करायची असते, पण पॉप्टगेटआर्गनं दिलेली कॉन्टेक्स्टच्या मालकीची असते आणि कॉन्टेक्स्ट मोकळा केला की जाते. नावात दोन-तीन अक्षरांचा फरक आणि करार उलटा! जीलिबमध्ये स्ट्रिंगचा ऑप्शन दिला गेला तर नवी कॉपी मिळते, ती जी_फ्री करायची. पण दिला गेला नाही तर व्हेरिएबलमध्ये तुम्ही आधी जे ठेवलं होतं तेच राहतं. म्हणजे डीफॉल्ट म्हणून लिटरल ठेवलं असेल तर तुमचीच आजची अडचण तिथेही उभी. त्यावर उपाय सोपा आहे: व्हेरिएबल नलवर सुरू करा, पार्सिंग झाल्यावर अजून नल असेल तर डीफॉल्टची जी_स्ट्रडप करून ठेवा. हीच युक्ती गेटऑप्टसोबतही चालते, आणि वापरणाऱ्यानं काय दिलं आणि आपण काय भरलं हेही वेगळं ओळखता येतं.

सीनियरांच्या मुद्द्याबद्दल. एकदा चालून संपणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटचं फ्री नाही केलं तर मशीनचं काही बिघडत नाही. पण असले प्रोग्राम तसेच राहत नाहीत. लेबलचा प्रोग्राम उद्या सर्व्हिस म्हणून दिवसरात्र चालेल, सिगहप हा सिग्नल आला की कॉन्फिग पुन्हा वाचेल, आणि दर वेळी जुन्या स्ट्रिंग मागे टाकत जाईल. किंवा कोणी तुमच्या पार्सिंग फंक्शनला टेस्टमधून हातानं बनवलेली आर्गव्ही देईल आणि काम झाल्यावर ती फ्री करेल. तेव्हा उसना पॉइंटर धरून बसलेला तुमचा कोड मेलेली मेमरी वाचेल. स्टँडर्डचं 'शेवटपर्यंत टिकते' हे वचन मेनला मिळालेल्या आर्गव्हीपुरतंच आहे.

कुठलीही पद्धत घ्या, -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस हा मेमरीच्या चुका पकडणारा फ्लॅग लावून बिल्ड करा आणि प्रोग्राम पाच प्रकारे चालवा: एकही ऑप्शन न देता, प्रत्येक एकदा देऊन, एकच ऑप्शन दोनदा देऊन, रिकामी व्हॅल्यू देऊन, आणि चुकीचा ऑप्शन देऊन. शेवटचा प्रकार लोक विसरतात. त्यात प्रोग्राम यूसेज छापून मध्येच बाहेर पडतो, आणि अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर फ्री करायची वाट नेमकी तिथेच तपासली जाते. तुमचा आजचा कोड पहिल्याच प्रकारात 'मॅलॉक न केलेला पत्ता फ्री करताय' असं सांगून थांबेल आणि ओळ क्रमांकही देईल. -जी फ्लॅग लावायला विसरू नका, नाहीतर ओळ क्रमांकाऐवजी नुसते पत्ते दिसतील.